लहान मुलांचा फुटबॉल: रेफरीशी हुज्जत, रुसवे, हात न मिळवणं. मैदानात नेमकं काय करायचं?

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. भातकापणी झाली की शेतांत गोलपोस्ट उभे राहतील आणि गावोगावच्या स्पर्धा सुरू होतील. हा धागा १० आणि १३ वर्षांखालच्या संघांसाठी काढतोय. पोरांचे पाय चांगले चालतात. अडचण वागण्याची आहे. शिट्टी वाजली की चार-पाच जण रेफरीला गराडा घालतात. गोल बसला की सगळे गोलकीपरवर तुटून पडतात. थ्रो-इन (बाजूच्या रेघेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत टाकणं) विरुद्ध गेला तर चेंडू मुद्दाम लांब मारतात आणि हरल्यावर हात न मिळवता बाटल्या आपटत निघून जातात. खिलाडूवृत्तीवर भाषण दिलं तर मुलं मान डोलावतात आणि पुढच्या सामन्यात तेच करतात. तेव्हा सरावात काय करून घ्यायचं, सामन्यात काय, पालकांना काय सांगायचं, असं ठोस लिहा. कुणी रेफरी वाचत असतील तर त्यांनी आवर्जून लिहावं.

शिट्टीवाला
रेफरीच्या बाजूने लिहितो. १३ वर्षांखालच्या सामन्यांत मुलं जी हुज्जत घालतात, तिचं मूळ बहुतेक वेळा उद्धटपणात नसतं. त्यांना नियमच माहीत नसतो. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिकवरून थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड (विरुद्ध अर्ध्यात चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे, गोलजवळ असणं) नसतो, हे निम्म्या मुलांना ठाऊक नसतं. ऑफसाइड ठरतो तो सहकाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी. चेंडू पोचला तेव्हा कोण कुठे होता याला महत्त्व नाही. आपल्या अर्ध्या मैदानात उभा असलेला खेळाडू ऑफसाइड होत नाही.

दुसरी मोठी गफलत अ‍ॅडव्हांटेजची. फाऊल झालेला असतो, पण चेंडू त्याच संघाकडे असतो आणि हल्ला चालू असतो. रेफरी हात पुढे करून ‘खेळा’ अशी खूण करतो. मुलाला ती खूण कळत नाही. फाऊल दिला नाही असं वाटून तो थांबतो, रेफरीकडे वळून ओरडतो आणि चेंडू घालवतो. फायदा त्याचाच होता, तो त्यानेच सोडला. हात सरळ वर म्हणजे इनडायरेक्ट फ्रीकिक, चेंडू दुसऱ्या कुणाला लागल्याशिवाय गोल धरत नाहीत. एवढ्या खुणा मुलांकडून पाठ करून घ्या.

याला भाषण लागत नाही. आठवड्यातून एकदा सरावाच्या शेवटी ५ विरुद्ध ५ खेळ लावा आणि एका मुलाच्या हातात शिट्टी द्या. चार मिनिटांनी शिट्टी दुसऱ्याकडे. वीस मिनिटांत पाच मुलं रेफरी होऊन जातात. ज्याने एकदा शिट्टी धरली आणि दोन्हीकडून ओरडा खाल्ला, तो रेफरीकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो. हे फसतं ते एकाच कारणाने: कोच बाहेरून ‘अरे, फाऊल होता तो!’ म्हणतो. त्या क्षणी मुलं शिकतात की मोठ्याने ओरडलं तर निर्णय फिरतो. मुलाचा निर्णय चुकला तरी खेळ पुढे गेलाच पाहिजे. चर्चा नंतर.

मांडवीकाठ
शिट्टीवाला दादा, कार्ड नेमकं कशाला मिळतं तेही लिहा. मुलांना वाटतं, शिवी दिली नाही म्हणजे सगळं चालतं.

शिट्टीवाला
शब्दाने किंवा कृतीने निर्णयाला विरोध दाखवला की पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद. हात हवेत झटकणं, रेफरीसमोर टाळ्या वाजवणं, चेंडू जमिनीवर आपटणं हे कृतीत मोडतं. विरुद्ध संघाची फ्रीकिक असताना चेंडू लांब मारणं किंवा उचलून नेणं पिवळं. फ्रीकिकला ९.१५ मीटर अंतर न राखणं पिवळं. खोटं पडणंही पिवळंच. गोल झाल्यावर जर्सी काढली तरी पिवळं, आणि मुलं टीव्हीवर बघून ते हमखास करतात. शिवीगाळ, अपमानास्पद बोलणं किंवा हावभाव, थुंकणं, चावणं याला थेट लाल, म्हणजे मैदानाबाहेर. शिवी कोकणीत दिली की मराठीत, रेफरीला दोन्ही समजतात. २०१९ पासून बाकावरच्या कोचला आणि मॅनेजरलाही कार्ड दाखवता येतं, हे कोचमंडळींनीही लक्षात ठेवावं.

रेफरीशी फक्त कॅप्टनने बोलायचं, हा दंडक आता वरच्या पातळीवरही आला आहे. २०२४ च्या युरो स्पर्धेत तो लावला होता. लहान मुलांत तो पहिल्या दिवसापासून लावा. कॅप्टन दर सामन्याला बदला, म्हणजे प्रत्येकाला त्या जागेवरून बोलायची सवय होते. त्याला वाक्यं तयार करून द्या: ‘सर, फ्रीकिक डायरेक्ट आहे का?’, ‘सर, त्याला लागलंय, बघता का?’, ‘सर, किती वेळ उरला?’ बाकीच्यांनी शिट्टी वाजली की पाठ फिरवून आपली जागा गाठायची. पाठ फिरवणं हीच कवायत आहे, ती सरावात करून घ्यावी लागते. कोचने खेळ मध्येच थांबवून मुद्दाम चुकीचा निर्णय द्यायचा आणि किती सेकंदांत सगळे जागेवर पोचतात ते मोजायचं. आठ सेकंदांच्या आत पोचले तर बचाव लागलेला असतो. रेफरीशी भांडत राहिले तर विरुद्ध संघ पटकन फ्रीकिक घेऊन गोल करून जातो. हे डोळ्यांनी दिसलं की मुलांना पटतं.

राखणदार
गोलकीपरबद्दल लिहितो, कारण लहान संघांत सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर होतो. चेंडू जाळ्यात गेला म्हणजे त्याआधी दहा जणांना चुकवून आला. पण दिसतो शेवटचा.

गोल बसल्यावर काय करायचं याचा ठरलेला क्रम हवा. चेंडू जाळ्यातून गोलकीपरने काढायचा नाही, जवळच्या बॅकने (बचावपटूने) काढून मधल्या वर्तुळाकडे द्यायचा. सेंटर बॅकने गोलकीपरजवळ जाऊन एक शब्द बोलायचा, ‘चल’ किंवा ‘पुढचा’. ‘असू दे रे, पण तू बाहेर यायला हवं होतं’ हे नाही. ‘पण’ आला की सांत्वन संपलं. दहा सेकंदांत सगळे आपापल्या जागी. सरावात दर आठवड्याला दोन-तीनदा मुद्दाम गोल होऊ द्या आणि फक्त या दहा सेकंदांचा सराव करा.

नंतर गोल समजावून सांगताना उलट जा. गोल कुणी मारला इथून सुरू करू नका. तीन पास मागे जा: चेंडू कुठे गमावला, त्या वेळी कोण उभा राहिला, कोण मागे धावला? बहुतेक वेळा बोट मिडफिल्डमधल्या एका आळसावर पोचतं. नाव घेऊन ओरडायचं नाही, जागा दाखवायची.

आणि गोलकीपरची जागा ‘ज्याला धावता येत नाही त्याची’ असं चुकूनही म्हणू नका. ब्रह्मानंद शंखवाळकर इथलेच. भारताचे गोलकीपर आणि कॅप्टन, १९९७ चा अर्जुन पुरस्कार, २०२२ ची पद्मश्री. गोव्यात गोलकीपर होण्याला ही परंपरा आहे, ती मुलांना सांगा. १० वर्षांखालच्या गटात तर प्रत्येक मुलाला आलटून पालटून गोलमध्ये उभं करावं. एकदा तिथून दिसणारं मैदान बघितलं की ओरडणं आपोआप कमी होतं.

दुर्वा_फोंडा
शाळेत मुलींना आणि मुलांना दोघांनाही फुटबॉल शिकवते, पालकांच्या बाजूचं लिहिते. माझं ठाम मत आहे की मैदानावरचं वाईट वागणं तीन-चतुर्थांश दोरीबाहेरून आत येतं.

पहिली गोष्ट दोरीची. चुन्याची रेघ पुरत नाही. टचलाइनपासून (मैदानाच्या बाजूच्या रेघेपासून) तीन-चार पावलं मागे दोरी बांधा, पालक एका बाजूला, दोन्ही संघांचे बाक दुसऱ्या बाजूला. गोलच्या मागे कुणीच उभं राहायचं नाही. गोलमागे उभा राहिलेला बाप गोलकीपरला संपूर्ण सामनाभर सूचना देत राहतो आणि पोर चेंडूऐवजी मागे बघतं. नीट निरखून बघा: मुलाच्या पायाशी चेंडू येतो, बाहेरून एक आवाज ‘मार!’, दुसरा ‘पास दी!’, कोचचा तिसरा ‘थांब!’. मूल मान वर करतं, ती सहकाऱ्याला शोधायला नाही, बापाचा चेहरा बघायला. तोपर्यंत चेंडू गेलेला असतो. मग बाप ओरडतो आणि मूल तो राग जवळच्या मुलावर काढतं.

हंगाम सुरू व्हायच्या आधी पालकांची वीस मिनिटांची सभा घ्या. एका कागदावर चार वाक्यं: सूचना फक्त कोच देईल, रेफरीशी कुणी बोलणार नाही, दोन्ही संघांच्या चांगल्या खेळाला टाळ्या, तक्रार असेल तर सामन्यानंतर २४ तासांनी. कागदावर सही घ्या. २४ तासांचा नियम फार उपयोगी पडतो, कारण अर्ध्या तक्रारी रात्रीत विरून जातात आणि उरतात त्या खऱ्या असतात.

कुणी पालक रेफरीला बोललाच, तर कोचने मैदानातून ओरडून गप्प करायचं नाही. त्याने तमाशा वाढतो आणि त्यांच्या पोराची मान खाली जाते. संघाचा मॅनेजर चेंडू बाहेर गेल्यावर शेजारी जाऊन उभा राहतो आणि हळू सांगतो. दुसऱ्यांदा झालं तर त्यांना दोरीपासून दूर नेतो. रेफरी प्रेक्षकांना कार्ड दाखवू शकत नाही, पण बाहेरच्या त्रासामुळे सामना थांबवू किंवा सोडून देऊ शकतो. हे पालकांना आधीच माहीत असावं.

घरी जाताना स्कूटरवर मुलाला सामन्याचा हिशेब विचारू नका. भूक लागली का, पाणी प्यायलास का, एवढंच. सामन्याबद्दल त्याने तोंड उघडलं तर ऐका.

डावा_बॅक
ताई, मुलगा हरल्यावर रडतो त्याचं काय? नऊ-दहा वर्षांची मुलं रडतात आणि हात मिळवायला जातच नाहीत. बखोटीला धरून नेलेलं बघवत नाही.

दुर्वा_फोंडा
रडणं म्हणजे वाईट वागणं नव्हे, हे आधी कोचने स्वतः मान्य करावं. ‘मुलींसारखा रडतोस काय’ हे वाक्य तर मैदानावर नकोच. मुली हे ऐकत असतात.

रडणाऱ्याला ओढून नेऊ नका आणि एकटं सोडूही नका. शेजारी एक सहकारी उभा करा. ओळीत तो शेवटी राहिला तरी चालेल. रडत रडत हात मिळवला तरी तो मिळवलाच. अजिबात चालू नये ते वेगळं: समोरच्याने पुढे केलेला हात टाळणं, नुसती बोटं लावून पुढे सरकणं, जाळीला लाथ, बाटली भिरकावणं. हात मिळवायचाही सराव असतो. सरावातल्या छोट्या सामन्यानंतरही ओळ लावा, कॅप्टन पुढे, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, एक वाक्य बोलायचं, कोकणीत, मराठीत, कशातही. मग रेफरीशी हात, मग समोरच्या कोचशी. रोजचं झालं की अंतिम सामन्यात हरल्यावरही पाय आपोआप तिकडे वळतात.

त्यानंतर तीन मिनिटांचं वर्तुळ. प्रत्येकाने विरुद्ध संघातल्या एकाचं नंबर घेऊन चांगलं सांगायचं. ‘ते चांगले खेळले’ चालणार नाही. ‘त्यांचा ७ नंबर चेंडू गेला की दर वेळी मागे धावत होता’, असं हवं. त्यासाठी सामना बघावा लागतो, आणि हरलेला सामनाही मुलं बघायला शिकतात.

साखळीकर_मैदान
एक मुद्दा कुणी काढला नाही, तो वयाचा. १३ वर्षांखालच्या स्पर्धेत पंधरा वर्षांचा मुलगा उतरवायचा आणि मग खिलाडूवृत्तीवर बोलायचं, याला काही अर्थ नाही. मुलांना एकमेकांची इयत्ता माहीत असते. कोणाला मिसरूड फुटलंय ते त्यांना दिसतं. कोच खोटं बोलतोय हे संघातल्या प्रत्येक मुलाला कळतं आणि त्या दिवसापासून खोटं पडणं, हाताने चेंडू ढकलणं हे सगळं त्यांच्या लेखी चालण्याजोगं होतं. वरच्या पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, तिथे पकडला गेला की नुकसान मुलाचं. गावच्या स्पर्धेत जन्मदाखल्याची मूळ प्रत आणि शाळेचं ओळखपत्र सामन्याआधी दोन्ही मॅनेजरांनी एकमेकांना दाखवावं. पाच मिनिटं लागतात.

तसंच बाकावरच्या मुलांचं. दहा मुलांपैकी तीन जण अख्खा सामना बसून राहिले तर ते सहकाऱ्यांच्या चुकांवर खूश होऊ लागतात. ७ जणांचा संघ, २०-२० मिनिटांचे दोन डाव, मुलं दहा: पाच-पाच मिनिटांचे आठ भाग करा. सात जागा गुणिले आठ म्हणजे ५६ पाळ्या. सहा मुलांना सहा पाळ्या, चौघांना पाच. कोणीही २५ मिनिटांपेक्षा कमी खेळत नाही. तक्ता सामन्याआधी कागदावर काढा आणि मुलांना दाखवा. सामना अटीतटीचा झाला तरी बदलू नका, नाहीतर पुढच्या वेळी त्या कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

डावा_बॅक
पटलं. आता उलट प्रश्न. आपण ७-० ने पुढे आहोत, समोरचा संघ नवखा. कोच मुलांना सांगतात ‘आता गोल मारू नका’, मग मुलं चेंडू फिरवत राहतात, टाचेने पास, खिदळणं. ते जास्त अपमानास्पद वाटतं.

मांडवीकाठ
माझंही तेच मत. समोरच्याला दिसेल असं ‘सोडून देणं’ नको. आपल्या मुलांना हळूच अवघड काम द्यावं: फक्त डाव्या पायाने शॉट, दोनच टच, गोलआधी पाच पास, बॅक पुढे आणि फॉरवर्ड मागे. खेळ खरा राहतो, वेग उतरतो. काही देशांत लहान मुलांच्या सामन्यात ४ गोलांचा फरक पडला की मागे असलेल्या संघाला एक जादा खेळाडू उतरवू देतात. दोन्ही कोच आधी बोलले तर आपल्याकडेही मैत्रीच्या सामन्यांत करता येईल. आणि गोल झाल्यावरचा जल्लोष आपल्याच अर्ध्यात, समोरच्या गोलकीपरच्या तोंडासमोर नाही.

राखणदार
एक बारीक गोष्ट, पण रोज दिसते. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला उठवायला मुलं धावतात आणि त्याचा हात धरून खेचतात. खांदा किंवा मनगट दुखावलं असेल तर ते खेचणं भारी पडतं. शिकवायचं असं: थांब, वाक, ‘लागलं का?’ विचार, तळहात वर करून हात पुढे धर, तो धरेल तेव्हाच आधार दे, ओढू नको. मान किंवा डोक्याला लागलं असेल तर हातही लावू नको, हात वर करून रेफरीला बोलाव. डोकं आपटलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी.

साखळीकर_मैदान
खोटं पडण्याबद्दल आणि चूक कबूल करण्याबद्दल काय? माझ्या मते लहान मुलाकडून ‘सर, माझा हात लागला होता’ ही अपेक्षा जास्त आहे. शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं, निर्णय रेफरीचा.

दुर्वा_फोंडा
मला तसं वाटत नाही. रेफरीने विचारलं तर खरं सांगायचं, एवढी अपेक्षा दहा वर्षांच्या मुलाकडूनही करता येते. सरावात तर रेफरीच नसतो, तिथे ‘माझा लागला, थ्रो तुमचा’ हे रोज म्हणायची सवय लावता येते.

शिट्टीवाला
नियमाने एवढंच सांगतो: खेळ पुन्हा सुरू झाला की निर्णय बदलता येत नाही. म्हणजे कबूल करायचं तर किकऑफच्या आधी. सप्टेंबर २०१२ मध्ये इटलीच्या लीगमध्ये नापोलीविरुद्ध जर्मनीच्या मिरोस्लाव क्लोजेचा गोल दिला गेला होता. चेंडू हाताला लागल्याचं त्याने स्वतः रेफरीला सांगितलं आणि गोल रद्द झाला. विश्वचषकातला सर्वाधिक गोलांचा विक्रम त्यानंतर २०१४ मध्ये त्याने केला, म्हणजे खरं सांगून त्याचं काही अडलं नाही. साखळीकर म्हणतात ते मोठ्यांच्या खेळात चालत असेल, मुलांत मी ताईंच्या बाजूने आहे.

मांडवीकाठ
स्पर्धा भरवणाऱ्यांनी काय करावं? बक्षीस ठेवलं की मुलं नाटकी वागतात, असा अनुभव सांगतात.

शिट्टीवाला
‘उत्तम खिलाडूवृत्ती’ची ट्रॉफी बहुधा शेवटी हरलेल्या संघाला सांत्वन म्हणून जाते. मुलांना ते कळतं. त्यापेक्षा वागण्याचे गुण थेट क्रमवारीत धरा. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल गुण, गोलफरक, गोल आणि एकमेकांतला सामना या सगळ्यांत बरोबरीत होते. जपानची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा, म्हणून जपान पुढे गेला. मोजणी अशी: पिवळं वजा १, दुसऱ्या पिवळ्याने लाल वजा ३, थेट लाल वजा ४, पिवळ्यानंतर थेट लाल वजा ५. आपल्या स्पर्धेत कोचचं कार्डही त्यात मोजा. नियमपत्रकात आधी छापा, ऐनवेळी सांगितलं तर त्यावरूनच भांडण होतं.

दुसरं, तात्पुरतं बाहेर बसवणं. लहान मुलांच्या आणि हौशी फुटबॉलमध्ये याला नियमांत मुभा आहे, मात्र स्पर्धेने आधी ठरवावं लागतं. पिवळ्या कार्डाबरोबर खेळाडू सामन्याच्या एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के बाहेर बसतो. ४० मिनिटांच्या सामन्यात ४ ते ६ मिनिटं. त्याच्या जागी बदली येत नाही. पुढच्या सामन्यातल्या बंदीपेक्षा हे मुलांना जास्त समजतं, कारण परिणाम लगेच दिसतो: सहकारी सहा जणांत धावतायत आणि आपण बाकावर. त्या मिनिटांत कोचने त्याला झापायचं नाही. पाणी द्यायचं, शेजारी बसवायचं, परत गेल्यावर पहिलं काम काय ते सांगायचं.

आणि पाण्याचं विसरू नका. आपल्याकडच्या दमट हवेत दुपारी साडेतीन-चारला सामना लावला की दुसऱ्या डावात चिडचिड वाढते, त्यातली बरीचशी तहान असते. प्रत्येक डावाच्या मध्याला एक मिनिटाचा पाण्याचा थांबा नियमात बसतो, कडक उन्हात तीन मिनिटांपर्यंत थांबता येतं. रेफरीला सामन्याआधी सांगून ठेवा.

डावा_बॅक
शेवटचं एक. गळ्यातली चेन, कानातलं, मनगटावरचा गंडा यावरून टॉसच्या वेळीच वाद होतो आणि सामना रागातच सुरू होतो.

शिट्टीवाला
दागिना कोणताही चालत नाही, चिकटपट्टी लावून झाकलेलाही नाही. रबरबँड, चामड्याचा पट्टासुद्धा नाही. खुरीस (क्रूस) असो की गणपतीचं पेंडंट, नियम सर्वांना सारखा. वाद टाळायचा तर आदल्या दिवशीच्या निरोपात लिहा: शिनगार्ड (नडगीवरचं कवच) आणा, दागिने घरी ठेवा. श्रद्धेचा गंडा असेल तर आईवडिलांशी आधीच बोला, मैदानावर कात्री काढायची वेळ आणू नका. मॅनेजरने वॉर्मअपच्या आधी रांगेत सगळ्यांची मनगटं, कान, गळे आणि शिनगार्ड तपासायचे. सोळा मुलांना तीन-चार मिनिटं पुरतात.